मधलं दाखवत नाहीत

माझी वहिनी टीव्ही पाहायची ती आवाज बंद करून. अकोल्याच्या घरी दुपारचं जेवण आटोपलं की ती पलंगाच्या कडेला टेकून बसायची आणि जनावरांचं चॅनल लावायची. सिंह, बिबटे, तरस, जे लागेल ते. बाहेर अकोल्याचं ऊन. रस्त्यावर कुत्रंही नसायचं. घरात कुलरची घरघर, आणि पडद्यावर तोंड उघडून मुकाट धावणारी जनावरं.

नातीनं एकदा विचारलं होतं, "आजी, आवाज वाढवू का?"

"ते इंग्रजीत बोलतात. मले काय समजते."

कारण ते नव्हतं. आवाज लावला की दार ऐकू येत नाही, हे कारण होतं.

मी अमरावतीला एकटी राहते. माझा मुलगा पुण्याला असतो. महिन्या-दोन महिन्यांनी मी अकोल्याला वहिनीकडे जाते आणि दुपारी तिच्या शेजारी बसते. पडद्यावर सिंह हरणामागे धावतो, हरणाचा गळा धरतो, धुरळा उडतो, आणि पुढच्या चित्रात तोच सिंह सावलीत बसून पंजे चाटत असतो.

"पाह्यलं, बाई?" वहिनी म्हणायची. ती माझ्याहून मोठी, पण मी नणंद म्हणून अजून मला बाई म्हणते. "मधलं दाखवत नाहीत. हप्त्याभरापासून पाहून राहिली. मधलं काही दाखवत नाहीत."

मधलं म्हणजे खाणं. ते तिला पाहायचं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. का, ते सांगते.

माझा भाऊ उन्हाळ्यात मेळघाटात तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी म्हणून जायचा. पहाडातल्या बाया पानं तोडून, पुडे बांधून आणायच्या आणि हा ते मोजून घ्यायचा. आमची शेती नांदगाव खंडेश्वरकडची, काळी. उन्हाळ्यात तिला नुसत्या भेगा पडतात, काम काही नसतं. म्हणून वैशाखात हा पहाडावर. त्या साली गेला तेव्हा त्याचा मुलगा नुकता चालायला लागला होता. मी चौदा वर्षांची होते, चौथी करून घरी बसलेली. भाऊ गेला तो परत आला नाही. आली ती त्याची एक वहाण.

ठेकेदाराचा माणूस ती पोत्यात गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, नाल्यातल्या डोहावर आंघोळीला गेला होता, वाघानं नेला. पाड्यावरच्या लोकांनी शोधलं. वहाण मिळाली, थोडं रक्त दिसलं, ओढत नेल्याची खूण दिसली, पुढे नुसते दगड लागले आणि खूण संपली. लोकांनी तिथं एका दगडाला शेंदूर लावला आणि परत फिरले.

आईनं वहाण ओळखली. अंगठा तुटला होता तो भावानं स्वतःच लाल सुतळीनं शिवला होता. आई रडायला लागली. शेजारच्या बाया वहिनीच्या बांगड्या फोडायला पुढे आल्या. वहिनीनं हात पाठीमागे घेतले आणि त्या माणसाला विचारलं, "हाडं कुठी आहेत?"

"बाई, वाघानं खाल्लं."

"वाघ हाडं खाते काय? आमच्या गावात बिबट्यानं गोऱ्हा मारला होता. त्याची हाडं पाऊस येईपर्यंत पडून होती. मले एक हाड आणून दाखवा."

तो माणूस माझ्या वडिलांकडे पाहायला लागला. वडिलांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. बांगड्या राहिल्या, कुंकू राहिलं. वहाण वहिनीनं तिच्या लग्नाच्या पेटीत ठेवली.

गोष्ट इथंच राहिली असती तर वहिनीनं पुढे-मागे मानलं असतं. पण पोळ्याच्या आधी परतवाड्याच्या बाजारातून बैल घेऊन आलेला एकजण आमच्या ओसरीवर बसून म्हणाला, पहाडापलीकडे, मध्य प्रदेशात, तुमच्या पोरासारखा एक पाहिला. संगं बाई होती. वडिलांनी विचारलं, तोंड पाहिलं का. तो म्हणाला, नाही, पाठमोरा होता.

पाठमोरा माणूस कोणासारखाही दिसतो. पण वहिनी दाराआड उभी होती.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दोनच गोष्टी. एक तर वाघानं खाल्ला, नाही तर तिला टाकून गेला. हाडं नाहीत, म्हणजे टाकून गेला. आणि हाडासकट सगळं खाणारं जनावर खरंच असलं, तर मेला. त्यात तिचं सगळं आयुष्य गेलं. मधे काही नाही.

बारा वर्षं झाली तेव्हा वडिलांनी विषय काढला. आमच्यात माणूस बेपत्ता झाला आणि बारा वर्षांत आला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग तो मेला असं धरतात. त्याशिवाय त्याच्या नावाची घागर भरता येत नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही घरातल्या गेलेल्या प्रत्येक माणसाच्या नावानं वाळूवर मातीची नवी घागर मांडतो, पाण्यानं भरतो, वर खरबूज ठेवतो, पुरणपोळी अन् आंब्याचा रस वाढतो. घागर नाही म्हणजे त्या माणसाला पाणी नाही, असं मानतात.

वहिनी वडिलांसमोर कधी तोंड वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"तुमी पानांचा करता, मामंजी. मी काय पानांसंगं लग्न लावलं होतं?"

वडिलांनी पुन्हा विषय काढला नाही. पण त्या अखाजीला आईनं वाळू पसरली तेव्हा घागरींच्या ओळीत एका घागरीएवढी जागा सोडली. पुढे आई-वडील गेले, त्यांच्या घागरी ओळीत आल्या. वहिनीच्या मुलाला, माझ्या भाच्याला, सिंचन खात्यात नोकरी लागली, त्यानं अकोल्याला घर बांधलं, गावचं घर बंद झालं. वहिनी दर साली अकोल्याच्या गच्चीखालच्या खोलीत वाळू पसरायची आणि ती जागा सोडायची. मोकळी वाळू. मला ती पाहवत नसे. मी देवभोळी बाई नाही. माझा नवरा मेला तेव्हा मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे वाटून टाकले. पण भाऊ माझाही होता, आणि तो वैशाखात गेला होता, आणि वैशाखात मेळघाटातले नाले कोरडे असतात.

गाव सोडताना वहिनीनं शेजारीपाजारी, वाण्याकडे, गिरणीवर, सगळीकडे अकोल्याचा पत्ता सांगून ठेवला होता. "कोनी इचारलं तर," एवढंच म्हणाली होती.

मागच्या साली अखाजीनंतर भाच्याला साठावं लागायचं होतं. त्याची मुलगी पुण्याला कंपनीत आहे, ती दोन दिवसांसाठी आली आणि लॅपटॉप टीव्हीला जोडून बसली. म्हणाली, बाबांच्या साठीला शांती-होम काही नाही, आपण केनियाला जायचं, सफारीला. पडद्यावर पिवळं गवत, वरून उघडी जीप, तिच्यामागे सिंहीण. ती भराभरा सांगत होती, तंबूत राहायचं, पण आत पलंग आणि गरम पाणी, पहाटे फुग्यात बसून वर जायचं, ऑगस्टमध्ये लाखो जनावरं नदी ओलांडतात. भाचा कौतुकानं ऐकत होता. सून विचारत होती तिकडे पोळी मिळते का.

वहिनी म्हणाली, "तिथी जंगल दाट आहे का?"

"नाही आजी, सगळं मोकळं. गवत असतं नुसतं. लांबपर्यंत दिसतं."

"दिवसा शिकार करतात?"

"दिवसाही करतात."

"मी येतो," वहिनी म्हणाली.

सगळे हसले. ही बाई मेळघाटातल्या चिखलदऱ्याला कधी गेली नाही. घरातले सगळे तीनदा जाऊन आले, ही पहाड दिसतो म्हणून परतवाड्यापर्यंतही आली नाही. भाच्याला वाटलं, आईला आपल्या साठीचं कौतुक आहे. त्याचे डोळे भरून आले. मला कळलं होतं ती का चालली आहे.

प्रवास लावून देणाऱ्याचं ऑफिस अमरावतीला होतं, म्हणून सगळे माझ्याकडे उतरले आणि आम्ही पाचजण तिथं गेलो. गार ऑफिस, भिंतीवर जिराफ. तो माणूस पस्तिशीचा, गोड बोलणारा, प्रत्येकाला विचारत होता, तुम्हाला काय काय बघायचंय. नात म्हणाली, गेंडा. भाचा म्हणाला, हत्ती. सून म्हणाली, काहीही, पण गाडीतून. कपडे मातकट रंगाचे घ्या, तो म्हणाला. निळं-काळं नको, त्यावर माशा येतात. वहिनीचं लुगडं निळं होतं. तिनं पदराकडे पाहिलं आणि म्हणाली, "बदलीन."

"आजींना काय बघायचंय?"

"सिंह जेवते ते."

"वा. किल, म्हणजे शिकार बघायचीय आजींना. नशीब लागतं त्याला."

"शेवटपर्यंत पाहू देतात काय?"

"म्हणजे?"

"शेवटपर्यंत म्हणजे शेवटपर्यंत. काय उरते ते."

त्यानं भाच्याकडे पाहिलं. "आजी, एका गाडीला थोडा वेळ थांबू देतात. मागच्या गाड्यांनाही बघायचं असतं. आणि सिंहाचं झालं की तरसं येतात, मग गिधाडं. ते सगळं व्हायला एक-दोन दिवस लागतात."

"मंग दोन दिवस थांबू."

"आई," भाचा म्हणाला.

"काहून? त्याले दुसरं काम आहे, त्यानं जावं. मी गाडीत बसून राहीन. संगं डबा देतील ना?"

तो माणूस हसला. "देतात आजी, डबा देतात."

"मंग झालं."

बाहेर आल्यावर नात म्हणाली, "आत्याआजी, आजीला असलं काय आवडतं? मला तर बघवत नाही."

मी म्हटलं, "तिला आवडत नाही. तिचं काम आहे."

पोरीला वाटलं मी थट्टा करते.

भाच्याला खरं कळलं ते पासपोर्टच्या वेळी, अमरावतीच्या ऑफिसात. खिडकीवरची मुलगी कागदं पाहत होती. तिनं वर न पाहता विचारलं, "पती हयात आहेत का, आजी?"

भाचा म्हणणार होता, लिहा काहीतरी. आतापर्यंत सगळ्या कागदांवर त्यानं असंच काहीतरी भरून भागवलं होतं. पण वहिनी खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "तेच पाहाले चालली, बाई."

मुलीनं वर पाहिलं. कपाळावरचं कुंकू पाहिलं. मग भाच्याकडे पाहिलं.

माझ्या घरी आल्यावर वहिनी आत आडवी झाली, आणि भाचा माझ्या ओट्यावर बसला. साठीचा माणूस, अंगावर शर्ट-पॅन्ट, आणि बसला मात्र लहानपणी बसायचा तसा, गुडघे पोटाशी घेऊन.

"आत्या, तुले माहीत होतं?"

"होतं."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू कधी इचारलं? तुह्या बापाचं नाव काढलं की तू उठून जायचा."

"मी लहान होतो."

"आता साठ वर्षांचा आहे. आता सांगून राहिली."

तो समोरच्या कडुनिंबाकडे पाहत होता. "तिले काय पाहिजे? मेला असला पाहिजे का जिता?"

"मेला असला पाहिजे," मी म्हटलं. "तुले नको?"

त्यानं उठून गाडीतून पाण्याची बाटली आणली आणि न पिता तशीच हातात धरून बसला.

त्याच महिन्यात मी पुन्हा अकोल्याला गेले होते. घरात आम्ही दोघीच. टीव्ही चालू, आवाज बंद. वहिनीनं अचानक म्हटलं, "खाल्ला असला तर बरं होईन, बाई. त्याले लई लागलं असंन. पन बरं होईन."

मी म्हटलं, "हो."

"तुमचा भाऊ आहे, तुमाले वंगाळ वाटत असंन."

"मले काही वाटत नाही. खाल्लाच आहे त्याले."

"तुमाले काय माहीत. तुमी पाह्यलं काय?"

तेवढ्यात पायरीवर आवाज झाला. ज्यांची काळी माती आहे त्यांना हा आवाज माहीत असतो. ओल्या शेतातून आलं की वहाणेला मातीचा लादा बसतो, तो काढायला वहाण पायरीवर आपटतात. एक वहाण, मग दुसरी. भावाची सवय तशी होती, उन्हाळ्यातही, माती नसली तरी. दारात आल्याबरोबर टप, आणि मग टप. आई आतून म्हणायची, आला.

मी ऐकलं ते एकच. टप. पुढे काही नाही.

वहिनी पडद्याकडे पाहत होती. पडद्यावर गिधाडं उतरत होती. "एकच वाजते," ती म्हणाली. "नाही काय, बाई? किती साल झाले, एकच वाजते. दुसरी पेटीत आहे ना."

मी उठून दार उघडलं. पायरीवर ऊन होतं. समोरच्या घराचं फाटक बंद. मी पायरीला हात लावला, हात भाजला. परत येऊन बसले.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मी कधीच उघडत नाही," वहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी तिला जाऊ दिलं नाही. त्या देशात जायचं तर एक लस घ्यावी लागते, आणि तिच्या वयाला, तिच्या हृदयाला ती द्यायला ते तयार नव्हते. लस सोडा, एवढा विमानप्रवासही नको, म्हणाले. वहिनीनं त्यांच्याशी वाद घातला. मरू द्या मले तिथी, म्हणाली. डॉक्टर म्हणाले, आजी, तिथं मेलात तर मुलाला किती त्रास होईल. त्यावर तिनं वाद सोडला. एक माणूस दूर जाऊन मेला की मागच्यांचं काय होतं, ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर भाचा म्हणाला, "रद्द करतो. मी पण नाही जात."

"तू जाशीन," वहिनी म्हणाली.

"आई, मी काय करू तिथं जाऊन?"

"पाह्यशीन. तुहे डोळे चांगले आहेत. फोनवर दिसते ना सगळं? मले दाखवशीन. हत्तीगेंडे मले दाखवू नको. सिंह जेवून गेला, तरसं जेवून गेली, गिधाडं उठून गेली, की मंग तिथी जाशीन आन् दाखवशीन काय उरलं."

"गाडीच्या खाली उतरू देत नाहीत."

"मंग गाडी जवळ नेशीन."

सून मधेच म्हणाली, सुट्टीला जाऊन हे काय. भाच्यानं तिला हातानं थांबवलं. मला वाटतं, त्या क्षणी तो पहिल्यांदा बापाचा मुलगा झाला. त्याआधी तो फक्त वहिनीचा होता.

ते गेले. चार-पाच दिवस नुसते फोटो आले. जिराफ, सूर्य, टोपी घातलेली सून. वहिनी फोटो पाहायची आणि फोन मला परत द्यायची. मी तेवढ्यासाठी अकोल्याला येऊन राहिले होते. तिला फोन उचलता येतो, पण व्हिडिओचं बटण कोणतं ते तिला सापडत नाही.

मग एका दुपारी फोन वाजला. इकडे जेवणं झाली होती, तिकडे सकाळ होती. भाच्याचा चेहरा दिसला, धुळीनं माखलेला.

"आई, काल दुपारी सिंहिणींनी मारलं. रेड्याएवढं जनावर होतं. काल आम्ही बराच वेळ थांबलो, मग तरसं आली. आज पुन्हा तिथंच आलो. ड्रायव्हरला सांगितलं, त्यानं आणलं."

"दाखव," वहिनी म्हणाली.

त्यानं फोन फिरवला. पिवळं गवत, आभाळ, मग जमीन. एका भागात गवत दाबलेलं होतं. मधे काळा डाग. वारा होता, त्याचा खर्रर आवाज येत होता. मला वाटलं होतं, फासळ्या दिसतील, डोकं दिसेल. काही नव्हतं. दोन-तीन पांढरे तुकडे पडले होते, ते दगड आहेत की हाडं ते कळत नव्हतं.

"हाडं?" वहिनी म्हणाली.

"तरसं हाडं फोडून खातात, आई. काल रात्रभर खाल्ली. उरलेली ओढून नेतात, कुठल्या कुठे. इथं एवढंच आहे." फोन खाली गेला. गवतात एक खूर पडलेला होता, घोट्यापासून तुटलेला, स्वच्छ. खूर अगदी जसाच्या तसा.

वहिनीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्याजवळ नेला. तिचा श्वास काचेवर उमटत होता.

"पायातलं सोडते," ती म्हणाली.

भाचा तिकडे गाडीत बसून होता. वाऱ्याचा आवाज येत राहिला.

"ये आता," वहिनी म्हणाली. "ऊन लागन."

मला चौथीचं शिक्षण आहे, पण एवढं कळतं की आफ्रिकेतल्या तरसानं जनावर खाल्लं म्हणून मेळघाटातल्या वाघानं माझा भाऊ खाल्ला, असं ठरत नाही. वहिनीलाही ते कळत होतं. तिची अक्कल माझ्याहून कमी नाही. पण तिला एवढंच पाहायचं होतं की असं होऊ शकतं. एक दिवस-रात्र, आणि माणूस जमिनीवरून पुसला जाऊ शकतो, त्यानं कोणाला टाकलेलं नसताना.

दिवाळीनंतर भाच्यानं पळसाची पानं आणली. भटजींनी पानांचा पुतळा केला, देठांचे हातपाय, डोक्याला नारळ. नदीच्या काठावर सगळं झालं. तयारी झाल्यावर वहिनीनं पिशवीतून ती वहाण काढली. कातडं वाळून लाकूड झालं होतं, लाल सुतळी मात्र अजून लालच. तिनं पुतळ्याच्या डाव्या पायाशी ती ठेवली. भटजी म्हणाले, चामडं चालत नाही. वहिनी म्हणाली, "त्याले चालते." भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ठेवा."

भाच्यानं अग्नी दिला. पानं भडकन पेटली. वहाणेला मात्र वेळ लागला. वास आला, सगळ्यांनी पदर-रुमाल नाकाला लावले. वहिनीनं लावला नाही.

कुंकवाचं काय, असं कोणीतरी हळू विचारलं. वहिनी म्हणाली, "आता या वयात काय ते. राहू द्या." ते राहिलं.

यंदाच्या अखाजीला वाळू पसरली, आणि मोकळ्या जागेत घागर आली. भाच्यानं पाणी ओतलं. नवी घागर थोडी पाझरते, तशी ती पाझरली. खाली वाळू ओली झाली. वहिनीनं खरबूज ठेवलं, रस वाढला, आणि घागरीला म्हणाली, "घ्या." एवढंच.

दुपारी आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. तिनं रिमोट घेतला. जनावरांचं चॅनल नव्हतं, कुठलीतरी मालिका होती, सासू सुनेवर ओरडत होती. वहिनीनं आवाज वाढवला. एवढा वाढवला की मला तिला सांगावं लागलं, कमी कर. तिनं केला नाही. दाराकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. तिचं तोंड थोडं उघडं होतं आणि ती मालिकेत पूर्ण गुंतली होती. मी पाहत राहिले.

मी दुसऱ्या दिवशी अमरावतीला परत आले. माझं घर दोन खोल्यांचं, समोर ओटा आणि एक पायरी. माझ्या गावाकडे माझा पत्ता मी कधी कोणाला दिलेला नाही. देण्यासारखं कोणी उरलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पानसुपारी घेऊन बसले होते. गल्लीत कोणी नव्हतं. ऊन असं होतं की कडुनिंबानं सावलीही आखडून घेतलेली. पायरीवर आवाज झाला. टप. मी हातातला अडकित्ता थांबवला. आणि मग दुसरा आवाज आला. टप.

दोन्ही वाजल्या.

त्यानंतर रोज नाही, पण अधूनमधून वाजतात. वहिनीला मी सांगितलेलं नाही. तिचं संपलं आहे, ते संपलेलंच राहू द्यावं. माझ्याकडे टीव्ही आहे. दुपारी मी बातम्या लावते, आवाज बंद ठेवून. दार मी उघडत नाही. पायरीजवळ तांब्याभर पाणी ठेवते. संध्याकाळी पाहते, तर तांब्या अर्धा असतो. उन्हाळ्याचे दिवस आहेत, पाणी उडतं.